धूर म्हणजे वाया गेलेले सरपण



'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. आता बऱ्याच घरांत गॅस आला आहे. १ मे २०१६ रोजी केंद्र सरकारची उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतही गॅसची टाकी पोचली. पण म्हणून चूल काही गेली नाही. भाकरी चुलीवर, आंघोळीचे पाणी चुलीवर, गुरांचे आंबोण चुलीवर. थंडीत तर सकाळी सगळे घर चुलीपाशीच शेकत बसते. आणि चूल म्हटली की धूर आलाच, असे आपण धरून चालतो.

माझी आजी म्हणते, "पोरी, धुरानं डोळं गेलं, पर चूल कुनी सोडली का?"

पण धूर आलाच पाहिजे का? धूर म्हणजे तरी काय? चला, पाहू या.

मेणबत्तीचा प्रयोग

आमच्या गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला. खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे वारा नको. एक मेणबत्ती पेटवली. ती चांगली जळू दिली आणि मग हळूच फुंकून विझवली. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढू लागली. गुरुजींनी पेटती काडी वातीला लावली नाही. ती वातीच्या वर, त्या धुराच्या रेघेत धरली. तर काय आश्चर्य! ज्योत धुरातून खाली उडी मारून आली आणि वात पुन्हा पेटली!

याचा अर्थ काय? तो पांढरा धूर म्हणजे न जळलेले मेणच होते. त्याला आच मिळाली, तो पेटला. मायकेल फॅरेडे नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये १८६०-६१ साली मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली होती. त्यांतही हा प्रयोग होता. (हा प्रयोग मोठे माणूस जवळ असतानाच करावा.)

लाकडाचेही असेच आहे. आपल्याला वाटते लाकूड जळते. खरे तर लाकूड तापले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते. मग लाकडातून जळणारे वायू बाहेर पडतात. त्या वायूंची जी जळती जीभ, तीच ज्वाळा. वायू निघून गेल्यावर मागे राहतो तो कोळसा. तो लाल निखारा होऊन जळतो. शेवटी राहते राख.

आता हे वायू निघाले, पण त्यांना पुरेशी आच मिळाली नाही किंवा पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते न जळताच वर जातात. तोच धूर. म्हणजे आपल्या डोळ्यांत जातो, भिंत काळी करतो, कौलांतून बाहेर पडतो, तो धूर म्हणजे आईने डोक्यावरून आणलेले सरपणच आहे! ते जळलेच नाही. वाया गेले.

एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचे सगळे आपोआप कळते. धूर कमी करायचा म्हणजे सरपण वाचवायचे. सरपण वाचवायचे म्हणजे आईच्या खेपा वाचवायच्या.

ओले लाकूड : एक गणित

'सुक्याबरोबर ओलेही जळते' अशी म्हण आहे. जळते खरे, पण कसे जळते ते पाहा.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात साधारण निम्मे वजन पाण्याचे असते. तेच लाकूड चांगले वाळले की १०० भागांत १५ ते २० भाग एवढेच पाणी राहते. समजा, ओल्या फांद्यांची २० किलोची मोळी आहे. तीत सुमारे १० किलो लाकूड आणि १० किलो पाणी. वाळल्यावर ती मोळी साधारण १२ किलोची होईल. म्हणजे जो ओली मोळी आणतो, तो ८ किलो, जवळजवळ कळशीभर, पाणी विनाकारण डोक्यावरून आणतो.

एवढेच नाही. ते ८ किलो पाणी चुलीत आधी वाफ होऊन जाते, मगच लाकूड पेट घेते. एक लीटर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सात पट उष्णता तेच उकळते पाणी सगळे वाफ करून उडवायला लागते. मग गणित करा. ८ गुणिले ७ म्हणजे ५६. ज्या उष्णतेने ५६ लीटर पाण्याला उकळी फुटली असती, तेवढी उष्णता ओली मोळी स्वतःला वाळवण्यातच घालवते! शिवाय आच मंद होते, वायू पेटत नाहीत आणि धूर होतो तो वेगळाच.

लाकूड वाळले आहे हे कसे ओळखावे? दोन लाकडे एकमेकांवर आपटा. ठणठण वाजली तर वाळलेली, थप् आवाज आला तर ओली. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा पडलेल्या असतात. ओल्या लाकडाच्या टोकाला चुलीत चर्रर्र आवाज होतो आणि फेस येतो.

म्हणून फांद्या तोडल्या तर त्या बांधावरच वाळू द्याव्यात, मग आणाव्यात. जाड लाकूड फोडून ठेवावे. रास जमिनीवर न रचता दगडांवर किंवा दोन ओंडक्यांवर रचावी. वरून पत्रा टाकावा, पण बाजू उघड्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळतो. पावसाळ्याचे जळण उन्हाळ्यातच वाळवून ठेवावे.

बंब काय शिकवतो?

आमच्या न्हाणीत तांब्याचा जुना बंब आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी पत्र्याचा असेल. तो पेटवताना थोडा धूर होतो. पण एकदा पेटला की फुंकणी लागत नाही आणि धूरही फारसा दिसत नाही. असे का?

बंब नीट न्याहाळून पाहा. (पेटलेला नसताना!) खाली जाळी असते. राख जाळीतून खाली पडते, आणि त्याच जाळीतून ताजी हवा वर येते. मध्ये उभी नळी असते. गरम हवा हलकी असते, म्हणून ती नळीतून वर चढते आणि खालून नवी हवा ओढून घेते. नळीच्या चारी बाजूंनी पाणी असते. म्हणजे आच वर जाता जाता पाण्याला लागूनच जाते.

आता तीन दगडांची चूल आठवा. लाकडे राखेतच पडलेली असतात. खालून हवा नाही. आच चारी बाजूंनी पळते. अशा उघड्या चुलीत १०० भागांपैकी सुमारे १० ते १५ भाग उष्णताच भांड्याला मिळते. बाकीची आपल्या घरच्या कावळ्या-चिमण्यांना!

मग चुलीला बंबाचे गुण देता येतील का? येतील. आमच्या घरी आम्ही हे केले :

१. चुलीत दोन विटांचे तुकडे ठेवून त्यांवर जुन्या खिडकीचे चार लोखंडी गज आडवे टाकले. लाकडे गजांवर राहतात, हवा खालून येते. गजांखालची राख रोज काढतो.

२. लाकडे अंगठ्याएवढी ते मनगटाएवढीच फोडतो. बारीक लाकूड लवकर तापते व लवकर पेट घेते.

३. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरत नाही. थोडीच लाकडे घालतो. फक्त टोके जळू देतो. जळतील तशी आत सारतो.

४. भांडे आणि चूल यांच्यामध्ये बोटभर फट राहील अशी माती लिंपली. फट फार मोठी असली तर आच निसटते. अगदीच नसली तर जाळ गुदमरतो.

५. भांड्यावर झाकण ठेवतो. हरभरा, मटकी आदल्या रात्री भिजत घालतो. उकळी आली की एक-दोन लाकडे मागे ओढतो. उकळते पाणी १०० अंशांच्या आसपासच राहते. जाळ वाढवला म्हणून डाळ काही लवकर शिजत नाही, नुसती वाफ उडते.

आधी आजी रागावली. "आमच्या सासूनं बी अशीच चूल वापरली, तुला काय मोठं शानपन आलं गं?" असे म्हणाली. पण आठ दिवसांनी तीच शेजारच्या काकूंना चूल दाखवत होती.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. चूल पेटवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे, रंग दिलेले लाकूड घालू नये. त्यांचा धूर साध्या धुराहून विषारी असतो. तुरीच्या काड्या किंवा वाळलेल्या बारीक काटक्या पुरतात. रॉकेल तर मुळीच ओतू नये.

धुराडे

एवढे करूनही थोडा धूर राहतोच. तो घरात कोंडू नये म्हणून धुराडे हवे. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी स्थापन केलेल्या ग्रामोद्योग संघात १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली. तिला धुराडे होते. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गावोगावी निर्धूर चुली बसल्या. २००२ साली तो कार्यक्रम संपला.

आज त्या चुली फारशा दिसत नाहीत. पुष्कळ ठिकाणी धुराडे काजळीने बुजले, ते कुणी साफ केले नाही. पुष्कळ ठिकाणी मोठे ओंडके आत जाईनात म्हणून तोंडच फोडून मोठे केले. मग धूर पुन्हा घरात! चूल चांगली असून भागत नाही, ती चांगली ठेवावीही लागते. धुराडे सरळ असावे, छपराच्या वर जावे आणि काजळी महिन्यातून एकदा झाडावी. काजळी साठली तर तीच पेट घेऊ शकते. गवताच्या छपरापासून धुराडे लांब ठेवावे.

हे सर्व कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. चुलीपाशी सर्वांत जास्त वेळ कोण असते? आई. आणि आईच्या मांडीवर कोण असते? आपले धाकटे भावंड.

धूर नाही, तरी धोका

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इतका वेळ मी सांगितले की धूर वाईट. मग निखाऱ्यांना तर धूर नसतो, ते चांगले का? नाही!

मागच्या माघात माझी मावशी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. थंडी कडाक्याची होती. आजीने रिवाजाप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. वारा लागू नये म्हणून दार-खिडकी घट्ट लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचे डोके फुटू लागले. तिला उमासे येऊ लागले. बाळ नुसते झोपून होते, दूध ओढीना. सगळे म्हणाले, वारे लागले. तेवढ्यात नर्सबाई तपासायला आल्या. त्यांनी दारात पाय ठेवताच विचारले, "शेगडी आत कुणी ठेवली?" त्यांनी दार-खिडकी सताड उघडली, शेगडी अंगणात नेली, मावशीला आणि बाळाला ओसरीत आणले. मग दोघांना दवाखान्यात नेऊन तपासले. संध्याकाळपर्यंत मावशीला बरे वाटले. बाळही रडायला लागले. त्या दिवशी त्याचे रडणे ऐकून आजीलाच रडू आले.

नर्सबाईंनी सांगितले की निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तातला जो भाग प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट जोराने चिकटतो. मग अंगाला प्राणवायू मिळत नाही. झोपलेले माणूस झोपेतच दगावते.

म्हणून बंद खोलीत निखारे, शेगडी, घमेल्यातली शेकोटी कधीही ठेवून झोपू नये. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून द्यावी. विटा बाहेर तापवून, फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवाव्यात, पण अंगाला लावू नयेत. जाड गोधडी घ्यावी. शेकायचे तर अंगणात शेकावे. चूल पेटली असताना दार किंवा खिडकी उघडी असावी. थोडी थंडी परवडली, पण हवा हवीच.

माझे बाळ भावंड आता रांगते. चुलीकडे आले की आजीच त्याला उचलून ओसरीत नेते.

स्वाध्याय

१. आज घरी चुलीतून निघणाऱ्या धुराचा रंग पाहा. केव्हा जास्त होतो, केव्हा कमी होतो, ते वहीत लिहा.
२. एका ओल्या लाकडाचे वजन करा. एक महिना वाऱ्यावर वाळवून पुन्हा करा. किती पाणी गेले?
३. धूर नसलेली शेगडी बंद खोलीत का ठेवू नये? हे आपल्या आजीला समजावून सांगा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी