गोदामातला उकाडा : आजार माणसाचा की जागेचा?

तळवलीच्या माझ्या दवाखान्यात उन्हाळ्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, दुपारनंतर डोकं ठणकतं, मळमळतं, पाय गळून जातात." ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका गोदामातला तिशीचा हमाल असाच आला. दोनदा मी त्याला शक्तीच्या गोळ्या देऊन पाठवले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "रविवारी घरी असलो की काहीच होत नाही." तेव्हा मी गोदामच पाहायला गेलो.

कचेरीतला तापमापक 34 अंश दाखवत होता. "एवढं तर सगळीकडेच आहे," व्यवस्थापक म्हणाले. पण खाडीकाठच्या दमट हवेत नुसता पारा पाहून भागत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर उष्माघाताने 14 जण दगावले, तेव्हाही पारा 38 अंशांच्याच आसपास होता.

घाम वाळला तरच शरीर थंड होते. म्हणून तापमापकाच्या फुग्याला ओले मलमलीचे फडके गुंडाळून, वारा घालून माप घ्यावे. 1948 च्या कारखाने कायद्याखालील नियमांत या ओल्या फुग्याच्या तापमानाची मर्यादा 30 अंश होती. त्या गोदामात खाली 30, तर पत्र्याखालच्या माळ्यावर 32 भरले. आमचा रुग्ण माळ्यावरच थप्प्या लावत असे! माप नेहमी माणूस उभा राहतो तिथे घ्यावे.

हवा खेळते का, हे उदबत्ती सांगते. धूर जागीच घुटमळला तर समजावे की वारा नाही. मात्र फोर्कलिफ्ट आणि दाराशी चालू ठेवलेले ट्रक यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो मापायला यंत्रच लागते. त्यानेही डोके दुखते, मळमळते. एकाच वेळी अनेकांना असा त्रास झाला, तर सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे.

एवढे जरूर पाळा :

1. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. तहानेची वाट पाहू नका.
2. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हाळ्यातले पूर्ण काम देऊ नका. आठवडाभरात हळूहळू वाढवा.
3. माळ्यावरचे काम सकाळी उरका. माल चढवताना ट्रकचे इंजिन बंद ठेवा.
4. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

त्या गोदामात माळ्याचे काम आता सकाळी होते, छपरावर वाऱ्याने फिरणारे पंखे बसले आहेत. आमच्या रुग्णाला त्यानंतर गोळ्या लागल्या नाहीत. औषध त्याला नव्हे, गोदामाला हवे होते.