घटक ४ : नाव आणि कृती – प्रसिद्ध व्यक्तींच्या चित्रप्रदर्शनांच्या निमित्ताने

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• कलाकृतीकडे लक्ष वेधले जाणे आणि तिचे मूल्य ठरणे यांतील भेद सांगता येईल.
• कर्त्याच्या प्रसिद्धीचा समीक्षेवर होणारा परिणाम सोदाहरण स्पष्ट करता येईल.

४.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, कृतीचे मोल कर्त्यावरून ठरवावे की कृतीवरून, हा साहित्यसमीक्षेतील जुना प्रश्न आहे. येथे तो चित्रकलेच्या संदर्भात तपासू. एखादा अभिनेता, गायक किंवा राजकारणी उत्तरायुष्यात कुंचला हाती घेतो आणि लगेच त्याचे प्रदर्शन भरते. अशा चित्रांना कलादालनांनी जागा द्यावी काय? हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षे वाट पाहतात. भिंती मोजक्याच असल्यामुळे एकाला दिलेली जागा दुसऱ्याला मिळत नाही.

४.२ विवेचन
प्रथम भाषेकडे पाहू. ‘नटाची चित्रे’ या पदबंधातील षष्ठी केवळ संबंध दाखवत नाही. चित्रे पाहण्यापूर्वीच ती त्यांची ओळख ठरवून टाकते. ही ओळख दोन्ही बाजूंनी दिशाभूल करते. चाहता चित्र न पाहताच भारावतो, तर जाणकार ‘हा छंद आहे’ असे म्हणून न पाहताच पाठ फिरवतो. अमोल पालेकर यांचे शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. ते आधी चित्रकार होते आणि नंतर अभिनेते झाले. त्यांना ‘चित्रकलेकडे वळलेला नट’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

आता तीन उदाहरणे विचारात घेऊ.

(अ) रवींद्रनाथ ठाकूर : हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडताजोडता त्यांतून आकार निर्माण झाले आणि साठी ओलांडल्यावर रवींद्रनाथ चित्रकलेत रमले. १९३० साली पॅरिस येथे त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. त्यासाठी व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी साहाय्य केले. नोबेल पारितोषिकविजेत्या कवीच्या नावामुळे हे दार लवकर उघडले, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांनी बहुतेक चित्रांना शीर्षके दिली नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला शब्दांचा आधार न घेता आकारांनाच सामोरे जावे लागले. आज ही चित्रे राष्ट्रीय कलाठेवा मानली जातात. नावाने मिळालेली संधी येथे कृतीने सार्थ केली.

(आ) विन्स्टन चर्चिल : १९४७ साली त्यांनी लंडनच्या रॉयल अकादमीकडे ‘डेव्हिड विंटर’ या टोपणनावाने दोन चित्रे पाठवली आणि ती स्वीकारली गेली. चर्चिल थोर चित्रकार होते, असे यावरून सिद्ध होत नाही. निवड नावावर झाली नाही, एवढे मात्र सिद्ध होते.

(इ) बॉब डिलन : २०११ साली न्यूयॉर्कच्या गॅगोसियन दालनात या गायकाची आशियाविषयक चित्रमालिका मांडली गेली. ती प्रवासातील दृश्यनोंदींच्या स्वरूपात सादर झाली होती. अनेक चित्रांचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ आदींच्या जुन्या छायाचित्रांशी विलक्षण साम्य असल्याचे पुढे प्रेक्षकांनीच दाखवून दिले. छायाचित्रावरून चित्र काढणे हा दोष नव्हे. परंतु दालनाने दिलेला परिचय आणि भिंतीवरील चित्रे यांत मेळ राहिला नाही, ही बाब गंभीर होय.

या उदाहरणांतून एक कसोटी हाती येते. नाव हे कृती पाहण्याचे कारण होऊ शकते. कृती निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘स्वाक्षरी झाकली असती तरी हे चित्र लावले असते काय?’ असे दालनाने स्वतःला विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर कर्ता प्रसिद्ध आहे म्हणून त्याला वगळणे अन्यायाचे ठरेल. उत्तर नकारार्थी असेल, तर ती भिंत रांगेत थांबलेल्या अनामिक चित्रकाराची आहे.

४.३ सारांश
प्रसिद्धीमुळे लक्ष मिळते, मूल्य मिळत नाही. समीक्षकाने या दोहोंत गल्लत करू नये. हीच दक्षता नामवंतांच्या कवितासंग्रहाचे परीक्षण लिहितानाही बाळगावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. रवींद्रनाथ आणि डिलन यांच्या उदाहरणांतील मूलभूत भेद स्पष्ट करा.
२. कर्त्याचे नाव पूर्णपणे बाजूला ठेवून कलाकृतीचा आस्वाद घेणे शक्य आहे काय? आपले मत सकारण लिहा.
३. उपक्रम : परिचित लेखकाची एक अपरिचित कविता लेखकाचे नाव न सांगता दोन वाचकांना द्या. त्यांचे अभिप्राय नोंदवा. नंतर नाव सांगा आणि अभिप्रायांत झालेला बदल टिपा.