करवंदीचे कुंपण

थंड मुलखात रासबेरी नावाचे एक काटेरी फळझाड लोक घराच्या मागे लावतात. आपल्या महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या थंड डोंगरावर ते होते. आपल्या भद्रावतीचा उन्हाळा त्याला सोसत नाही. पण आपण हळहळायचे कारण नाही. काटेही देते आणि फळही देते, असे झाड आपल्या जंगलातच आहे. ते झाड म्हणजे करवंद. कोणी त्याला करोंदा म्हणतात.

करवंदीची जाळी आपण सर्वांनी पाहिली आहे. पाने बारा महिने हिरवी असतात. फूल पांढरे, वास गोड. कच्चे फळ हिरवे व आंबट. पिकले म्हणजे ते काळे होते. पोरांचे तोंड जांभळे दिसले, की करवंदे पिकली असे समजावे!

पण करवंदे आणायला रानात जावे लागते. भद्रावतीच्या पूर्वेला ताडोबाचे जंगल आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. १९९५ साली तेथे व्याघ्र प्रकल्प झाला. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाने झडप घातली, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. माणूस वाकून वेचत असतो. त्याचे लक्ष खाली असते. पोटासाठी जावे लागते, हे आम्ही जाणतो. तेंदूचे जंगल काही सांदवाडीत लावता येत नाही. पण करवंद लावता येते. रानातली एक फेरी कमी झाली, तरी ती कमीच झाली.

आता लावायचे कसे ते पाहू.

बी : पिकलेले, मोठे फळ निवडा. आतले बी काढा, धुवा, सावलीत एक दिवस सुकवा. मग लगेच पेरा. हे बी जुने झाले की उगवत नाही. माती व शेणखत भरलेल्या पिशवीत दोन-दोन बी टाका. वर्षभर रोप पिशवीतच वाढू द्या.

जागा : पुढच्या वर्षी मृगाचा चांगला पाऊस झाला, की रोपे लावा. करवंदीला ऊन चालते, हलकी जमीन चालते. साचलेले पाणी मात्र चालत नाही. आमचीच चूक सांगतो. आम्ही पहिली रोपे न्हाणीजवळच्या काळ्या मातीत लावली. वाटले, येथे पाणी आहे, झाडे जोमाने वाढतील. श्रावणात मुळे कुजली. एकही रोप वाचले नाही. पुढच्या साली मातीचा उंच वरंबा केला. त्यावर रोपे लावली. ती जगली. आपल्याकडे काळी जमीन पुष्कळ आहे. म्हणून वरंबा विसरू नका.

अंतर : कुंपणासाठी दोन हातांवर, म्हणजे तीन फुटांवर एक रोप लावा. सांदवाडीची एक बाजू ४५ फूट असेल तर रोपे किती लागतील? ४५ भागिले ३ म्हणजे १५. पण थांबा! सुरुवातीच्या टोकालाही एक रोप हवे. म्हणून १६ लागतील. खड्डा हातभर खोल करा. त्यात एक घमेले शेणखत मातीत कालवून भरा.

राखण : पहिली दोन वर्षे जपावे लागते. कोवळा शेंडा शेळी खाते. म्हणून भोवती पऱ्हाट्या रोवा. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी द्या. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते. बुडाशी तणस पसरा, म्हणजे ओल टिकते. पुढे पाणी फारसे लागत नाही. तिसऱ्या वर्षापासून फळ येऊ लागते. फळे संपली की वाळलेल्या व आडव्या गेलेल्या फांद्या छाटा.

चार-पाच वर्षांत जाळी दाट होते. मग गाईढोरे व शेळ्या आत शिरत नाहीत. दरवर्षी काटे आणून कुपाटी घालण्याचे काम वाचते. मात्र या कुंपणाने वाघ अडेल, असे समजू नका. रात्री कंदील किंवा विजेरी, हातात काठी आणि सोबतीला माणूस, हे हवेच.

कच्च्या करवंदाची चटणी करा, लोणचे घाला. या फळात क जीवनसत्त्व असते. पालेभाजीतले लोह अंगी लागायला त्याची मदत होते. भाकरी, भाजी आणि ताजी चटणी, हे जेवण साधे पण चांगले. तरीही बाईला धाप लागत असेल, चेहरा पांढरा पडला असेल, तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या. चटणी म्हणजे औषध नव्हे.

एक गोष्ट पोरांना आजच सांगा, बरं का. करवंद तोडले की पांढरा चीक निघतो. पिवळ्या कण्हेरीलाही चीक असतो आणि तिलाही हिरवी फळे येतात. दोन्ही झाडे एकाच कुळातली. पण पिवळ्या कण्हेरीचे बी भयंकर विषारी आहे. ते खाल्ल्याने जीव जातो. कण्हेरीचे पान लांब व अरुंद, फांदीला काटा नाही. करवंदीचे पान आखूड व गोल, फांदीला काटा आहे. पोरांना दोन्ही झाडे शेजारी नेऊन दाखवा. कोणी चुकून ते बी खाल्ले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

वाचा, मोजा, लिहा

१. करवंदीसाठी वरंबा का करावा?
२. आपल्या सांदवाडीची एक बाजू मोजा. किती रोपे लागतील ते लिहा.
३. करवंद व पिवळी कण्हेर यांतील दोन फरक लिहा. घरातल्या लहान मुलाला ते वाचून दाखवा.