हळदीचे पेव आणि मिसळणाचा डबा

'सध्या स्पर्धांचे पेव फुटले आहे' असे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. पण खरे पेव कधी पाहिले आहे का? सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर गावी हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खड्डे खणत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आणि आत पोट मोठे, रांजणासारखे. तळाला व कडेला उसाचा वाळका पाला लावून त्यात शिजवून, उन्हात खडखडीत वाळवलेली हळकुंडे भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. तेथील घट्ट मातीतून ओल सहसा आत झिरपत नाही. २००५ च्या महापुरात मात्र अनेक पेवांत पाणी शिरले. आता बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या खड्ड्यात हळद टिकते कशी? माती उष्णतेची मंदवाहक आहे. दिवसा जमीन तापते, रात्री निवते; पण हा चढउतार हात-दोन हात खोलीपर्यंतच जाणवतो. त्याच्या बऱ्याच खाली तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. प्रकाश नाही, वारा नाही, दमट हवा नाही. शिवाय आत राहिलेले किडे श्वसनाने प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे स्वतःच गुदमरतात!

पण जी हवा किड्याला मारते ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. ते काही तास उघडे ठेवून, मग दिवा सोडून पाहत. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड. त्यात मे महिन्याच्या दुपारी पेवातली हवा बाहेरच्यापेक्षा थंड, म्हणजे अधिक घन. ती आपण होऊन वर येणार कशी? दिवा विझला तर धोका नक्की. पण दिवा जळतो म्हणून आत सारे ठीक आहे, असे मात्र समजू नका. विषारी वायू दिव्याला कळत नाहीत. जुनी विहीर, बंद टाकी, गोबरगॅसचा खड्डा यांत माणसे अशीच दगावतात, आणि वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. तुम्ही कधीही उतरू नका. मोठ्यांना हाक मारा.

आता स्वयंपाकघरात या. मिसळणाचा डबा बहुधा शेगडीजवळच असतो. सोयीची जागा, पण मसाल्याला सर्वांत वाईट! तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळ रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मसाल्याचा वास म्हणजे त्यातील बाष्पनशील तेल. तेही उष्णतेने लवकर उडते. आणि पूड केली की पृष्ठभाग किती वाढतो पाहा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे ०.१ मिलिमीटर बाजूचे दहा लाख घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शंभरपट! म्हणून धने-जिरे अख्खे ठेवावे, पूड थोडी थोडी करावी.

उन्हाळ्यात डंकावरून आणलेले तिखट गरम असते. ते तसेच बरणीत भरले तर त्यातली वाफ झाकणाखाली निवून थेंब होतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते. ताटात पसरून पूर्ण निवू द्या. उकळत्या कालवणावर बरणी उपडी करून मसाला झटकायची सवयही सोडा. वाफ थेट बरणीत जाते. कोरड्या चमच्याने घ्या.

प्रकाशाचे काम पाहायचे असेल तर हा प्रयोग करा. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पातळ लावा व वाळवा. अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि कागद कडक उन्हात ठेवा. दर तासाला पुठ्ठा उचलून दोन्ही भागांचे रंग ताडून पाहा व वहीत नोंद करा. मग असाच दुसरा कागद काचेच्या तावदानामागे ठेवून पाहा. रंग उडायला वेळ कमी लागतो की जास्त?