आग विझल्यानंतरची परीक्षा

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला 23 मार्च 2010 रोजी आग लागली आणि 43 जणांचे प्राण गेले. अशी आग विझल्यावर वाचलेल्या रहिवाशांपुढे प्रश्न उभा राहतो, तो घरात परतावे की नाही, हा. त्याचे उत्तर भिंतीच्या काळेपणावरून मिळत नाही. काजळी ही धुराची खूण होय, उष्णतेची नव्हे. अतितप्त पृष्ठभागावरची काजळी जळून जाते. म्हणून स्वच्छ दिसणारा भागच कित्येकदा सर्वाधिक तापलेला असतो.

परीक्षक प्रथम आसपासच्या वस्तू पाहतो. पीव्हीसीची नळी सुमारे 80 अंश सेल्सिअसला मऊ पडते. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते. नळी वाकली, पण ॲल्युमिनियमचे भांडे शाबूत राहिले, तर तेथील उष्णतेचा अंदाज बांधता येतो.

काँक्रीटच्या इमारतीत त्यानंतर गिलावा काढून पाहतात. खडीत लोहाचा अंश असल्यास सुमारे 300 अंशांपुढे काँक्रीटवर गुलाबी छटा येते व निवल्यावरही टिकते. ती जितकी खोल, तितका जाड थर दुबळा झालेला असतो. मात्र प्रत्येक खडी रंग बदलत नाही. तेव्हा छटा नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर थर आतून सुटला आहे असे समजावे. पोलाद निवल्यावर आपले बळ बरेचसे परत मिळवते. काँक्रीटचे गेलेले बळ निवल्याने परत येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावाचून अशा छताखाली कोणीही राहावयास जाऊ नये.