आधी मान तपासा, मग उजेड

कांद्याला रात्री पाणी देताना दोन्ही हात गुंतलेले असतात. वाफा भरत आला की त्याचं दार बुजवायचं, पुढचं फोडायचं, खोऱ्यानं माती ओढायची; बॅटरी धरायला हात उरत नाही. म्हणून तर आमच्या आष्टी तालुक्यात मान फिरणाऱ्या बॅटऱ्या आल्या. क्लिप खिशाला अडकवायची, मान पुढे वळवायची आणि कामाला लागायचं. कड्याच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांत अशी बॅटरी मिळते. मी तीच वापरतो, आणि स्वस्त आहे एवढ्यावरून तिला नावं ठेवणार नाही. पण ती नेमकी कुठे दगा देते, हे घेणाऱ्याला आधी कळायला हवं.

माझ्या बॅटरीनं दगा दिला तेव्हा मोटार चालू होती आणि पाणी शेवटच्या वाफ्यांत पोचलं होतं. दार बुजवायला वाकलो आणि उजेड गेला. मान सरळ केली की लागायची, खाली वळवली की बंद. चार्जिंग तर पूर्ण केलेलं होतं. मोबाइलच्या उजेडात बांधाकडे निघालो, तर पाय टाकणार तिथेच मण्यार पडलेला. काळं अंग, त्यावर पांढरे बारीक पट्टे. मण्यार रात्रीच फिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. डोळ्यांच्या पापण्या जड होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशानं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. त्यामुळे दारं धरणाऱ्याच्या बॅटरीकडे मी किरकोळ वस्तू म्हणून बघू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी उघडली. मानेच्या पोकळीतून दोन तारा वर जात होत्या, लाल आणि काळी, शिवणाच्या दोऱ्याइतक्या जाड. मान वळली की त्या प्लास्टिकच्या कडेवर घासायच्या. लाल तारेचं आवरण तिथेच सोललं होतं आणि आतल्या तांब्याच्या काड्यांपैकी एखाददुसरीच शाबूत होती. वर उजेडाचा दिवा चांगला, खाली सेल चांगला, आणि मधल्या बोटभर जागेत सगळं अडलेलं.

म्हणून दुकानात उजेड बघण्याआधी मान बघा. बॅटरी लावा आणि मान या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, पुन्हा उलटी आणा. उजेड एकदा जरी लुकलुकला तरी ती बाजूला ठेवा. दुकानदार ‘नवी आहे, बसेल’ म्हणाला तरी. मान फिरताना टकटक थांबे लागले पाहिजेत. गुळगुळीत फिरणारी मान चालता चालता आपोआप खाली झुकते. मग क्लिप खिशाला लावून खोरं मारल्यासारखे वाका. बॅटरी खाली पडली किंवा उजेड छातीवरच आला, तर ती आपल्या कामाची नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. गर्दी असली तरी सोडू नका.

मान फिरते त्या सांध्यातून पाणीही आत शिरतं. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी सांध्यात रबराची कडी नसेल तर त्या शब्दाला अर्थ नाही. पाटात पडली तर लगेच बंद करून उघडा, पुसा, सावलीत वाळवा.

उजेड किती लांब जातो यावर लोक फार भुलतात. पुढची काच ओढून झोत लांबवता येतो, पण मग भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो आणि आजूबाजूला गडद अंधार. बांधावरून चालताना पसरट उजेड हवा. मान इतकी खाली ठेवा की उजेड दोन-तीन पावलं पुढे जमिनीवर पडेल. निळसर उजेडात पाचोळ्यातली घोणस चटकन वेगळी दिसत नाही. किंचित पिवळसर मिळाला तर तो घ्या. पायात गमबूट हवेतच.

सेलच्या बाबतीत छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका. 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असा जो लिथियमचा गोल सेल असतो, त्यावर ‘9900 एमएएच’ लिहिलेलं दिसतं. त्या मापाच्या चांगल्या सेलचीही क्षमता साधारण साडेतीन हजारांच्या आसपासच असते. त्यापेक्षा घरी चार्जिंग पूर्ण करून बॅटरी खुंटीला लावून ठेवा आणि किती तासांनी उजेड निकामी होतो ते बघा. शेतीची लाइट दिवसा 8 तास नाहीतर रात्री 10 तास, अशी पाळी आपण काढलेली आहे. रात्रपाळीत पहाटेपर्यंत टिकेल, असा उजेड हवा. जड बॅटऱ्यांत शिसं-आम्लाचा सेल असतो. तो रिकामा तसाच महिनोन्‌महिने पडला की मरतो. आणि ज्या बॅटरीची पिन थेट बोर्डात खोचतात, ती चार्जिंगला असताना वापरू नका, ओल्या हातानं तर शिवूच नका. आतली वायरिंग घरच्या विजेपासून वेगळी केलेली नसते.

2020 च्या नोव्हेंबरात नरभक्षक बिबट्यानं आपल्या तालुक्यात माणसं मारली, पुढे डिसेंबरात त्याला करमाळा तालुक्यात गोळी घालावी लागली. तेव्हापासून प्रत्येकाच्या हातात बॅटरी आली. पण बिबट्यापुढे बॅटरीवर विसंबू नये. दोघा-तिघांनी मिळून, बोलत जावं. दिवसा वीज मिळावी ही मागणी त्या वेळी जोरात झाली. सौर कृषिवाहिनीनं ज्या गावांत ती मिळू लागली, तिथे हा प्रश्नच उरत नाही. जिथे मिळत नाही, तिथे खिशात दुसरी छोटी, सरळ मानेची बॅटरी ठेवावीच.

मान तुटलेली बॅटरी मात्र फेकू नका. रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि जुन्याच तारेला डाग मारू देऊ नका. मऊ सिलिकॉनच्या आवरणाची, बारीक काड्यांची तार घालायला सांगा, गरजेपेक्षा दोन बोटं लांब, आणि मानेत तिचा एक सैल वळसा राहू द्या. जिथे तार घासते ती प्लास्टिकची कड त्याच्याकडून कानशीनं गोल करून घ्या. माझी तशी केली आणि ती अजून दारं धरायला येते.