मोठी गाडी आणि डिझेलचा हिशेब

व्यापारी माणूस कापडाच्या मीटरमागे दहा-वीस पैशांसाठी अर्धा अर्धा तास घासाघीस करतो. सुताचा भाव किलोमागे दोन रुपयांनी चढला तर त्याला रात्री झोप लागत नाही. परंतु दाराशी उभी असलेली सात-आठ आसनांची गाडी महिन्याला किती डिझेल पिते आणि त्यातले किती वाया जाते, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण "दहा-बाराचे अ‍ॅव्हरेज देते" एवढेच सांगून मोकळे होतात. दहा आणि बारा यांत किती फरक आहे, याचा विचार कोणी करीत नाही. म्हणूनच या विषयावर चार गोष्टी सांगणे आम्हाला जरुरीचे वाटले.

आपल्याकडे मोठी गाडी ही चैन राहिलेली नाही. 1994 साली टाटा सुमो आली, 2000 साली बोलेरो व क्वालिस आल्या, 2002 साली स्कॉर्पिओ आणि 2005 साली इनोव्हा आली. घरात दहा-पंधरा माणसे, लग्नकार्ये, दवाखाना आणि त्यात बाजारपेठेच्या फेऱ्या, अशा कुटुंबाला छोटी मोटार पुरत नाही. तेव्हा मोठी गाडी घेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. ती चालवावी कशी, हा प्रश्न आहे. 19 ऑक्टोबर 2014 पासून डिझेलचा भाव बाजारावर सोडण्यात आला आणि 16 जून 2017 पासून तो रोज बदलू लागला. भाव आपल्या हाती नाही. किती लिटर जाळायचे, हे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे.

प्रथम मोजा

मोजल्याशिवाय कापड विकत नाही, तसे मोजल्याशिवाय अ‍ॅव्हरेज सांगू नये. गाडीतील पडद्यावर दिसणारा आकडा अंदाजाचा असतो. खरी रीत साधी आहे. पंपावर टाकी भरावी, नळी आपोआप बंद झाली की थांबावे, वरून ठासून भरू नये. मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहावेत. चारशे-पाचशे किलोमीटर गाडी चालली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे.

आमच्या गाडीने मालेगाव-भिवंडी अशा एका येण्याजाण्यात 468 किलोमीटरला 41.6 लिटर डिझेल घेतले. म्हणजे लिटरला 11.25 किलोमीटर. आम्ही मात्र चारचौघांत तेराचे सांगत होतो!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखादी छोटी मोटार 16 वरून 18 वर गेली तर हजार किलोमीटरमागे सुमारे 7 लिटर वाचतात. मोठी गाडी 9 वरून 11 वर गेली तर तेवढ्याच अंतरात सुमारे 20 लिटर वाचतात. सुधारणा दोन्हीकडे दोन किलोमीटरचीच, पण फायदा जवळजवळ तिप्पट. ज्याची गाडी जास्त पिते, त्यानेच हिशेब ठेवण्यात जास्त लाभ आहे.

वेग

गाडीला रस्त्यावर सर्वांत मोठा अडथळा हवेचा. मोठी गाडी उंच व रुंद असते, म्हणजे हवेपुढे भिंतच उभी केल्यासारखी. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच प्रमाणात वाढत नाही, तर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात तर हा विरोध दीडपटीहून जास्त होतो, 120 ने गेलात तर सव्वादोन पट. त्यावर मात करायला लागते ते डिझेल आपल्याच खिशातून जाते.

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. कसारा घाट टळला, रस्ता गुळगुळीत मिळाला आणि पाय आपोआप दाबला जाऊ लागला. आता हिशेब पाहा. हे 76 किलोमीटर 120 च्या वेगाने 38 मिनिटांत होतात, 80 च्या वेगाने 57 मिनिटांत. वाचली ती 19 मिनिटे. मार्केटमध्ये गेल्यावर आपण चहात यापेक्षा जास्त वेळ घालवतो. 1978 साली स्थापन झालेली सरकारची पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था तर 45 ते 55 चाच वेग सांगते. महामार्गावर तेवढे हळू जाणे जमत नाही, हे खरे. पण 80 धरून, डावीकडच्या मार्गिकेतून, एकसारखे चालणे कोणालाही जमते.

एकसारखे या शब्दाला महत्त्व आहे. जोरात पळवायचे, लगेच ब्रेक दाबायचा आणि पुन्हा पळवायचे, यात डिझेलची उष्णता करून ती ब्रेकमधून उडवून दिली जाते. पुढे सिग्नल लाल दिसतो आहे, तर पाय आधीच उचलावा.

टपावरचा कॅरियर व ओझे

आमच्या गाडीवर लोखंडी कॅरियर वर्षभर बसवलेला असे. वर्षातून दोन लग्नांना त्यावर सामान जाई, उरलेले साडेअकरा महिने तो फक्त हवा अडवी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे टपावर मोठी सामानाची पेटी असेल तर शहरात 2 ते 8 टक्के आणि महामार्गावर 6 ते 17 टक्के इंधन जास्त जाते. रिकामा कॅरियर तेवढे खात नाही, पण खातो जरूर. चार नट काढून तो घरी ठेवायला अर्धा तास लागतो.

आत ठेवलेल्या वजनाचेही तसेच. सुमारे 45 किलो वजनामागे एक टक्का इंधन जास्त लागते. मोठ्या गाडीत थोडे कमी. मागच्या सीटखाली जुनी अवजारे आणि परत आलेले ताके महिनोन्महिने पडून असतात. ते उतरवून घ्या.

कापडवाल्यांनी येथे आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्या खासगी गाडीची विमा पॉलिसी काढून वाचा. नेहमीच्या पॉलिसीत स्वतःच्या धंद्यासाठी गाडी वापरण्यास मुभा असते, परंतु मालवाहतूक तीत बसत नाही. अपवाद फक्त नमुने व प्रवाशांचे सामान यांचा. नमुन्यांची पेटी न्यायला हरकत नाही. गाठी मात्र ट्रान्सपोर्टनेच पाठवाव्यात. ट्रान्सपोर्टचे भाडे वाचविण्यासाठी टपावर गाठी बांधल्या आणि अपघात झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. मग ती बचत कोणत्या खात्यात लिहिणार?

टायरची हवा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. तीवर हवेचा आकडा असतो आणि पुष्कळ गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा वेगळा दिलेला असतो. तोच आकडा पाळावा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो आपल्यासाठी नव्हे. चारही चाकांत सरासरी एक पौंड हवा कमी असेल तर इंधन सुमारे 0.2 टक्का जास्त जाते. आठ पौंड कमी म्हणजे दीड टक्क्यावर. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कमी हवेचा टायर तापतो, कडा झिजतात आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीखाली तो फुटू शकतो. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी, पंधरा दिवसांतून एकदा.

उभ्या गाडीचे डिझेल

सायझिंगच्या दारात, गोदामाबाहेर, शाळेपुढे गाडी उभी असते आणि एसीसाठी इंजिन चालू असते. मोठे डिझेल इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जाळते. रोजची चाळीस मिनिटे धरली तरी महिन्याला दहा ते वीस लिटर एकही किलोमीटर न चालता संपतात. गाडी सावलीत लावा, काचा उतरवा, इंजिन बंद करा.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या भारत-6 मानकाच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी गाळणी असते. नुसत्या गल्लीतल्या छोट्या फेऱ्या आणि उभे इंजिन यांनी ती तुंबते. मग काजळी जाळण्यासाठी गाडी आणखी डिझेल खर्च करते. गाळणीचा दिवा लागला तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे महामार्गावर एकसारख्या वेगाने थोडा वेळ गाडी चालवावी. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्या मिस्त्रीचे ऐकू नये. ते बेकायदेशीर आहे.

उतारावर न्यूट्रल : खोटी बचत

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही भिवंडीकडे निघालो होतो. गाडीत आमच्या वृद्ध मातोश्री, दोन सुना आणि चार मुले. पुतण्या गाडी चालवीत होता. कसारा घाट सुरू होताच त्याने गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. आम्ही टोकले तेव्हा म्हणाला, "चाचा, उतारावर गाडी फुकट धावते. अ‍ॅव्हरेज वाढते." गेले कित्येक दिवस डिझेलवरून आम्हीच त्याला बोलत होतो, म्हणून गप्प बसलो. तीच आमची चूक.

निम्म्या उतारावर जळका वास येऊ लागला. ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला. पुढे माल भरलेला ट्रक होता. पुतण्याने कशीबशी गाडी गिअरमध्ये घातली, इंजिनाने ओढ धरली आणि गाडी कडेला थांबली. चाकांतून धूर निघत होता. तासभर आम्ही दगडावर बसून होतो. मातोश्री एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त लहान मुलाचा हात धरून बसल्या.

नंतर आम्ही एका जाणत्या मिस्त्रीकडून समजून घेतले. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात, गाडी गिअरमध्ये असून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला, तर उतारावर डिझेलचा पुरवठा बंद होतो. चाकेच इंजिन फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळतच राहते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या त्या उतारावर आम्ही एक थेंबही वाचवला नव्हता, उलट पाव लिटरच्या आसपास जाळले होते. आणि त्यासाठी सारे कुटुंब ब्रेकच्या भरवशावर सोडले होते. इंजिनच बंद करणे तर याहून भयंकर. त्यामुळे ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग जड होते. नियम एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

चमत्कारिक औषधे

डिझेलच्या नळीवर लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, यांच्या जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली, पण अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढविणारे एकही तिला आढळले नाही. त्या पैशांत पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे इंजिन ऑइल वेळेवर बदला आणि चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. यंत्रमागाच्या वस्तीत कापसाची धूळ असते, म्हणून एअर फिल्टर लवकर पाहत जा. त्याने अ‍ॅव्हरेज फारसे वाढत नाही, पण इंजिनाची ताकद व आयुष्य टिकते.

आम्ही कॅरियर उतरवला, हवा नियमित केली, वेग 80 वर आणला. त्याच रस्त्यावर गाडी 11.25 वरून 13 वर आली. महिन्याला पंधराशे किलोमीटर धरले तर 18 लिटर, वर्षाला 216 लिटर. आपल्या पंपाच्या भावाने गुणून आकडा स्वतः काढा. धंदा न वाढवता मिळालेला हा निव्वळ नफा आहे.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, आजच एक लहान वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, लिटर, एवढेच तीन रकाने. आणि गाडी चालविणाऱ्या मुलाला कमी अ‍ॅव्हरेजबद्दल बोलण्यापूर्वी अ‍ॅव्हरेज कशाने वाढते आणि कशाने वाढत नाही, हे त्याला समजावून सांगा. आम्ही ते सांगितले नव्हते.